विमान नागपूरला थांबलं होतं

बळीराम मास्तरांना आयसीयूतून बाहेर काढायचं नाव डॉक्टर घेईनात, तेव्हा त्यांच्या मुलाने, प्रीतमने, बेंगळुरूच्या बहिणीला खरं काय ते सांगितलं. तोवर तो फोनवर, बाबाले थोडा दम लागून राहिला, एवढंच म्हणत होता. मोनाली तिथल्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरीला. एकटीच राहायची. उगाच घाबरेल म्हणून त्याने लपवलं होतं.

"मोना, तू निघ आता," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणून राहिले, ज्याले बोलवायचं त्याले बोलवून घ्या."

बळीराम गजभिये भिवापूरच्या शाळेत चित्रकलेचे मास्तर होते. निवृत्त झाल्यावर मुलाने नागपुरात मनीष नगरला घर बांधलं आणि आईवडिलांना तिथे आणलं. हृदय दोन वर्षांपासून कमजोर झालेलं होतं. या मे महिन्याच्या उन्हात एका दुपारी ते भाजी घेऊन आले, दारातच बसले आणि मग त्यांना उठता आलं नाही. वर्धा रोडवरच्या ज्या हॉस्पिटलात त्यांना नेलं, ते घरापासूनही जवळ होतं आणि विमानतळापासूनही.

मोनालीने त्याच संध्याकाळी तिकीट शोधायला घेतलं. बेंगळुरूहून नागपूर सरळ गेलं तर पावणेदोन तासांचं. पण सुट्ट्यांचे दिवस होते. त्या रात्रीचं विमान भरलेलं, दुसऱ्या दिवशीची सगळी भरलेली. रेल्वेने जवळपास एक आख्खा दिवस जाणार होता आणि तिथेही वेटिंग. शेवटी एका साइटवर जुळलं ते असं: पहाटेच्या विमानाने दिल्लीला जायचं, तिथे विमान बदलायचं आणि दुपारच्या आत नागपूरला उतरायचं. नागपूर खाली टाकून पार पुढे जायचं आणि तितकंच परत यायचं. अंतर जवळजवळ तिप्पट होत होतं. तिने विचार केला नाही. एक छोटी बॅग पाठीला लावली आणि पहाटे निघाली.

विमानात तिची जागा खिडकीची होती. शेजारी सत्यवती माथुर नावाच्या एक बाई आणि त्यांच्या पलीकडे, वाटेच्या कडेला, त्यांचे यजमान. दोघं बेंगळुरूला मुलीकडे राहून दिल्लीला परत चालले होते. सत्यवतीबाई बोलक्या होत्या. त्यांनी मोनालीला हिंदीत विचारलं, दिल्लीत कोण आहे? मोनालीने सांगितलं, दिल्लीत कोणी नाही, नागपूरला जायचं आहे, वडील बरे नाहीत. बाईंनी तिच्या मनगटावर हात ठेवला. माथुरसाहेबांनी मान पुढे काढून सांगितलं की हे विमान साधारण नागपूरवरूनच जातं, आकाश स्वच्छ असलं तर दिसेलही.

सव्वा तास झाला असेल. मोनाली खिडकीतून खाली बघत होती. खाली सगळं पिवळट, सुकलेलं, मधूनच एखाद्या तलावाचं चकाकणारं पाणी. कुठला तो प्रदेश, तिला ओळखता येत नव्हतं. तेवढ्यात सत्यवतीबाई नवऱ्याला हाक मारू लागल्या. आधी हळू, मग मोठ्याने. माथुरसाहेब एका बाजूला कलले होते. चेहरा घामाने थबथबलेला, आणि उजवा हात शर्टाच्या बटणांशी काहीतरी करू पाहत होता.

मग धावपळ झाली. हवाई सुंदरी आली, ऑक्सिजनची टाकी आली. कोणी डॉक्टर आहे का, म्हणून विचारलं गेलं, तर मागून एक तरुण दंतवैद्य उठून आला. त्याने नाडी पाहिली आणि मान हलवली. मोनाली आपल्या जागेत आक्रसून उभी होती, सत्यवतीबाईंची पर्स, चष्मा आणि पाण्याची बाटली सांभाळत. एकदा तिने माथुरसाहेबांचे पाय उचलून धरले, कारण दंतवैद्याने तसं सांगितलं.

थोड्या वेळाने वैमानिकाचा आवाज आला. एका प्रवाशाची तब्येत गंभीर असल्यामुळे आपण सर्वांत जवळच्या विमानतळावर, नागपूरला, उतरत आहोत.

आपण नागपूरला उतरणार, हे मोनालीच्या मनाने आधी पकडलं. शेजारी एक माणूस जिवाशी झगडतो आहे, हे मागाहून. आतून उसळलेला आनंद तिला लपवता येईना, म्हणून तिने खिडकीकडे तोंड फिरवलं.

विमान टेकलं आणि एका बाजूला जाऊन थांबलं. मोनालीने चाकं थांबायच्या आधीच फोन चालू केला होता.

"दादा, मी नागपूरले आली."

प्रीतमला समजलंच नाही. तिने घाईघाईने सांगितलं. तो एकदम म्हणाला, "तू गेटवर ये, मी गाडी घेऊन निघतो. बाबा जागे हाय. तू ये फक्त."

दार उघडलं, शिडी लागली, डॉक्टर आणि स्ट्रेचर आत आलं. मोनालीने पाठीला बॅग लावली आणि माथुरसाहेबांना नेलं त्यांच्या मागोमाग, सत्यवतीबाईंचा हात धरून, दारापर्यंत गेली. बाहेर ऊन चढू लागलं होतं. गरम हवेचा झोत आत आला आणि त्या वासानेच तिला घरी आल्यासारखं वाटलं. दाराशी भूमिका नावाची हवाई सुंदरी उभी होती. वयाने मोनालीपेक्षा लहान. तिने नम्रपणे हात आडवा केला. फक्त पेशंट आणि त्यांच्या मिसेस, ती म्हणाली.

मोनालीने सांगितलं. वडील आयसीयूत आहेत, हॉस्पिटल इथून पंधरा मिनिटांवर, मला नागपूरलाच यायचं आहे, तिकीटही शेवटी नागपूरचंच आहे. माझं सामान विमानाच्या पोटात नाही, हे एवढंच आहे, पाठीवरचं. मला उतरू द्या. भूमिका गोंधळली. तिने वरिष्ठांना बोलावलं. वरिष्ठ बाईंनी खाली उभ्या असलेल्या कंपनीच्या माणसाला विचारलं, तो फोनवर आणखी कोणाला तरी विचारू लागला.

सत्यवतीबाई शिडीवर दोन पायऱ्या उतरल्या होत्या. त्यांनी हे सगळं ऐकलं. खाली नवऱ्याला अँब्युलन्समध्ये चढवत होते, तरी त्या थांबल्या आणि मागे वळून म्हणाल्या, "ये मेरी बेटी है. ये मेरे साथ जाएगी."

मोनाली हो म्हणायला तयार होती. त्या माणसाने फोनवरून मान वर केली. तिकिटं वेगळी होती, आडनावं वेगळी, आणि दारात उभं राहून तिने खरं सगळं आधीच सांगून टाकलेलं. वरिष्ठ बाईंनी नजर खाली घातली. सत्यवतीबाईंना कोणीतरी दंडाला धरून खाली नेलं. त्या परक्या शहरात त्यांचं कोणी नव्हतं. मोनालीने दारातूनच ओरडून त्यांना सांगितलं की तुमच्या पर्समध्ये माझ्या भावाचा नंबर चिठ्ठीवर ठेवला आहे, काही लागलं तर फोन करा. ती चिठ्ठी तिने विमान उतरत असतानाच लिहिली होती. अँब्युलन्स गेली.

विमान मात्र तिथेच उभं राहिलं. माथुर पतिपत्नींच्या दोन सुटकेसा विमानाच्या पोटात होत्या. त्या शोधून काढल्याशिवाय उडता येत नव्हतं. म्हणजे वेळ होता. मोनालीला वाटलं, एवढा वेळ आहे तर कोणीतरी हो म्हणेल. ती दाराजवळच्या पहिल्या रांगेशी उभी राहिली.

तिकडे प्रीतम मोटरसायकलवर विमानतळाच्या गेटवर पोचला होता. त्याने फोनवर सांगितलं, इथले लोक चांगले बोलून राहिले, पण म्हणतात हे कंपनीचं काम हाय. कंपनीच्या खिडकीवरचा पोरगा म्हणतो, वरून निरोप येऊ द्या. "मी इथंच उभा हाय, तू बाहेर आली का मी दिसीन तुले."

मग वैमानिक स्वतः बाहेर आला. केस पिकलेला, शांत माणूस. त्याने टोपी काढून हातात धरली होती. तो म्हणाला की त्याने दोनदा विचारलं, दोन्ही वेळा नाही म्हणाले. प्रवासी मध्येच उतरला तर सगळं विमान रिकामं करून, सगळं सामान पुन्हा तपासावं लागेल, असा त्यांच्या कंपनीचा नियम होता. त्यात त्याच्या आणि बाकीच्यांच्या कामाचे तास संपले असते आणि विमान संध्याकाळपर्यंत इथेच अडकलं असतं.

"तुमच्या जागी माझी मुलगी असती तरी मला हेच सांगावं लागलं असतं," तो हिंदीत म्हणाला. "मला माफ करा."

मागच्या रांगेतला एक माणूस उभा राहून म्हणाला, उतरू द्या तिला, आम्ही थांबू. आणखी दोघांनी मान डोलावली. पण एका मुलीची दुपारी दिल्लीत मुलाखत होती. एका म्हाताऱ्या बाईंना दिल्लीहून पुढे परदेशी विमान पकडायचं होतं, आणि त्या रडकुंडीला येऊन घड्याळ बघत होत्या. एकजण कुरकुरला, एकासाठी सगळ्यांनी किती खोळंबायचं. मोनालीने त्याच्याकडे पाहिलं. तो थकलेला, साधा माणूस होता, मांडीवर झोपलेलं मूल. तिला त्याचा रागही करता आला नाही.

तेवढ्यात मेघाचा, प्रीतमच्या बायकोचा, व्हिडिओ कॉल आला. आयसीयूत एका वेळी एकालाच सोडत. आई बराच वेळ आतच बसलेली होती. आज सिस्टरने मेघालाही दोन मिनिटं आत येऊ दिलं होतं. मोनालीने फोन चेहऱ्याजवळ धरला. बाबांच्या नाकातोंडावर मास्क. दाढीचे पांढरे खुंट वाढलेले. आई, जयाबाई, त्यांच्या कानाशी वाकलेली.

"पाहा, मोना आली," आई सांगत होती. "इथंच आली, नागपुरात. प्रीतम तिले आनाले गेला."

बाबांचे डोळे फोनवर आले. त्यांनी हात थोडा उचलला. मास्कच्या आत ओठ हलले. मेघाने कान जवळ नेला आणि म्हणाली, "कुठं हाय, म्हून विचारून राहिले."

मोनालीच्या समोर भूमिका उभी होती. तिच्या मागे उघडं दार आणि दारात भगभगीत ऊन. इथून उतरू देत नाहीत हे आता सांगावं, असं मोनालीला वाटलं, आणि सांगता आलं नाही.

"बाबा, मी विमानतळावर हाय," ती म्हणाली. "इथंच हाय."

बळीराम मास्तरांनी ऐकलं. त्यांचे डोळे फोनवरून निघाले आणि खोलीच्या दाराकडे गेले. मेघाने फोन पुन्हा त्यांच्यासमोर धरला, पण त्यांनी फोनकडे परत पाहिलं नाही. ते दाराकडे बघत राहिले.

सिस्टरने मेघाला बाहेर जायला सांगितलं आणि कॉल तुटला.

सुटकेसा सापडल्या. त्या खाली काढल्या गेल्या, तसा आवाज पायाखालून ऐकू आला. शिडी हलवली. दार लावायच्या आधी भूमिकाने मोनालीला जागेवर बसायला सांगितलं. मोनाली बसली नाही. भूमिकाने दुसऱ्यांदा सांगितलं, आणि सांगताना तिचा आवाज फाटला. तेव्हा मोनाली गेली. दोन रिकाम्या जागांशेजारी आपल्या खिडकीत बसून तिने पट्टा लावला. हे आपण करतो आहोत, आपलेच हात पट्टा लावत आहेत, हे तिला दिसत होतं.

"दादा, दार लावलं," तिने फोनवर सांगितलं.

प्रीतमच्या बाजूने गेटवरच्या गाड्यांचे आवाज येत होते. मग तो म्हणाला, "मी बाबाले काय सांगू आता?"

फोन बंद करायची सूचना झाली.

विमान उठलं आणि वळलं. वर्धा रोड, मेट्रोचा पूल, मनीष नगरची घरं, एकापुढे एक छपरं, त्यांवर पाण्याच्या काळ्या टाक्या. त्यात आपलं घर कुठलं आणि हॉस्पिटल कुठलं, हे ओळखेपर्यंत सगळं मागे गेलं. गेटजवळ प्रीतमने ते विमान वर जाताना पाहिलं. दिसेनासं होईपर्यंत तो तिथे उभा राहिला आणि मग हॉस्पिटलात परत गेला.

दिल्लीला पोचेपर्यंत पुढचं विमान निघून गेलं होतं. कंपनीने दुपारच्या विमानात जागा करून दिली, चहापाण्याचं कूपन दिलं. मोनालीने प्रीतमला फोन लावला. बाबा कसे आहेत, विचारलं. तसेच हाय, तो म्हणाला. डोळे मिटत नाही. झोपेचं औषध दिलं तरी मधूनमधून उघडून दाराकडं पाहतात. मोनाली म्हणाली, मले बोलू दे त्यांच्याशी, मी खरं सांगते. प्रीतम म्हणाला की आता फोन आत नेऊ देत नाहीत. आणि थांबून म्हणाला, "आई सांगून राहिली त्याइले. सांगू दे."

ती बोर्डिंगच्या रांगेत होती, तेव्हा फोन वाजला. मेघाचा होता. प्रीतमने स्वतः केला नाही, यावरूनच तिला कळलं. तिने फोन कानाला लावला, ऐकलं, हो म्हणाली. रांग पुढे सरकली तशी तीही सरकली. दिल्लीहून नागपूर दीड-पावणेदोन तासांचं. आता सरळच होतं. तिच्या शेजारी एक तरुण जोडपं ताडोबाच्या वाघांबद्दल बोलत होतं. त्यांनी तिला विचारलं, नागपुरात उन्हाळा फार असतो ना? ती म्हणाली, हो, फार.

बाहेर आली तर प्रीतम सकाळच्याच शर्टात उभा होता. त्याने तिची बॅग घेतली. थोडं चालून गेल्यावर म्हणाला, "मी त्या खांबाजवळ उभा होतो वं सकाळी. तिथून फक्त शेपूट दिसत होतं विमानाचं." एवढंच बोलून तो गाडी काढायला गेला.

घरासमोर मांडव टाकला होता. भिवापूरहून शाळेतले जुने सहकारी, काही विद्यार्थी आले होते. बाबांना पांढऱ्या कपड्यात ठेवलं होतं, उशाशी मेणबत्त्या. मोनाली आली तशी बायकांनी वाट करून दिली. कोणीतरी बाबांची दाढी केली होती. डोळे मिटलेले होते. कोणी मिटले, हे तिने विचारलं नाही. विहारातल्या लोकांनी त्रिसरण आणि पंचशील म्हटलं, तिने त्यांच्याबरोबर म्हटलं. ऊन उतरायच्या आत घाटावर नेलं. चार पावलं का होईना, तिने खांदा दिला.

सत्यवतीबाईंचा फोन त्याच दुपारी प्रीतमच्या नंबरवर आला होता. इथे घडलेलं त्यांना माहीत नव्हतं. माथुरसाहेबांना दुसऱ्या एका हॉस्पिटलात ठेवलं होतं, आणि तिथे कोणता कागद कुठे द्यायचा, त्यांना कळत नव्हतं. फोन मेघाने घेतला. घरात ती स्थिती असताना तिने शेजारच्या सुमतीबाईंना रिक्षाने तिकडे पाठवलं, डबा देऊन. दुसऱ्या दिवशी सत्यवतीबाईंचा दिल्लीचा मुलगा आला. त्याने फोन केला, तेव्हा त्याला सगळं कळलं. मग फोन त्याच्या आईने घेतला. सत्यवतीबाई पलीकडे नुसत्या रडत होत्या.

चारपाच दिवसांनी पाहुणे पांगले. दुपारी कूलरसमोर आई आणि मोनाली दोघीच होत्या. आई बाबांचे धुतलेले शर्ट घडी करून एकावर एक ठेवत होती.

"तो मानूस बचला का वं?" आईने विचारलं. "इमानातला."

"बचला. परवा सोडतील म्हणे."

"बरं झालं," आई म्हणाली. तिने आणखी एक शर्ट घेतला, बाह्या सरळ केल्या. घडी मात्र केली नाही. तो तसाच मांडीवर ठेवून ती बोलायला लागली. प्रीतम एकटाच परत आला तेव्हा बाबांनी त्याच्या मागे बघितलं, कोणी येतंय का म्हणून. मग आईनेच सांगितलं की मोना गाडी लावून राहिली. काही वेळाने सांगितलं, पायऱ्या चढून राहिली. सिस्टर आली की बाबा मान वळवत. मग आई म्हणाली, मोना हातपाय धुवून येते म्हणाली, इथं तसं येऊ देत नाही. असं ती शेवटपर्यंत सांगत राहिली. दर वेळी काहीतरी नवं शोधून.

"ते माहं ऐकत होते," आई म्हणाली. "मान हालवत होते. मले वाटे, आता सांगावं, मोना दिल्लीले गेली म्हून. पण कसं सांगू? इथं येऊन गेली, हे कसं सांगू मानसाले?"

आईने मांडीवरच्या शर्टावरून हात फिरवला.

"मी मरत्या मानसाशी खोटं बोलली का वं मोना?"

"नाही आई," मोनाली म्हणाली. "मी आली होती ना."

आईने तिच्याकडे पाहिलं. आईचं समाधान झालं नाही, हे मोनालीला दिसत होतं. तिचं स्वतःचंही झालं नव्हतं. आईने शर्टाची घडी केली आणि ढिगावर ठेवली. मग तिने मोनालीला विचारलं, यातला एखादा तुले नेयचा हाय का, आणि मोनालीने निळ्या रेघांचा उचलला.